आयपीएक्सई : लॅबचं बूटिंग पावणेपाच मिनिटांवरून सव्वा मिनिटावर

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ४० मशीन आहेत आणि एकातही हार्ड डिस्क नाही. सगळी सर्व्हरवरून, नेटवर्कनेच बूट होतात. जुना सर्व्हर गेला, जूनमध्ये नवा आला : ६४ जीबी रॅम, एसएसडी, सोबत नवा मॅनेज्ड स्विच (सगळी मशीन जोडणारा, सेटिंग बदलता येणारा नेटवर्कचा डबा). पहिल्याच प्रॅक्टिकलला बॅच आत आली, हजेरी झाली, फळ्यावर प्रोग्रॅम लिहून झाला, तरी स्क्रीन काळेच. मोबाइलवर वेळ लावून बघितली : ४ मिनिटं ४० सेकंद. जुन्या सर्व्हरवर दीड मिनिटात लॉगिन यायचं. पोरांच्या तासातली ही मिनिटं जाताना बघून माझा जीव तुटत होता. सर्व्हर देणाऱ्यांच्या माणसाने फोनवर सांगितलं, "मॅडम, रॅम वाढवून घ्या." पण चाळीसही मशीन चालू होत असताना सर्व्हरची रॅम निम्मीसुद्धा भरत नव्हती.

मग मी आयपीएक्सईकडे वळले. नेटवर्क बूटिंगसाठीचं हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर २०१० मध्ये जीपीएक्सई या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं निघालं. पेन ड्राइव्हवर टाकून एका मशीनवर चालवलं, कंट्रोल-बी दाबून त्याच्या कमांड लाइनवर गेले आणि 'आयएफस्टॅट' (नेटवर्क कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) दिलं. उत्तर आलं : लिंक अप, पण ब्लॉक्ड. त्या एका शब्दासाठी मी या सॉफ्टवेअरची कायमची ऋणी आहे. मशीनच्या स्वतःच्या बूट स्क्रीनवर नुसती वाट बघणारी ओळ दिसते, कारण कधीच कळत नाही.

ब्लॉक करत होता स्विच. केबलमध्ये जीव आला की त्यातलं स्पॅनिंग ट्री नावाचं तंत्र आधी १५ सेकंद नुसतं ऐकतं, मग १५ सेकंद शिकतं, आणि ३० सेकंदांनी पोर्ट (केबल लावायची जागा) खुला होतो. नेटवर्कमध्ये लूप होऊन तेच संदेश गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून ही काळजी. इकडे मशीन आयपी पत्त्यासाठी (नेटवर्कवरच्या स्वतःच्या पत्त्यासाठी) हाका मारतं. पहिली हाक लगेच, दुसरी ४ सेकंदांनी, तिसरी १२ व्या सेकंदाला, चौथी २८ व्या. चौथी हाक जाते २८ ला आणि दार उघडतं ३० ला! त्यानंतर मशीन ३२ सेकंद गप्प बसतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. मी स्विचपुढे स्टूल टाकून बसले आणि पोर्टचा दिवा नारिंगीचा हिरवा होईपर्यंत सेकंद मोजले, तेव्हा हे नीट डोक्यात बसलं. पुढे लिनक्सने नेटवर्क कार्ड ताब्यात घेतलं की लिंक एकदा पडते आणि ते ३० सेकंद परत मोजावे लागतात. आमचा जुना स्विच साधा होता, त्याला स्पॅनिंग ट्री माहीतच नव्हतं, म्हणून इतकी वर्षं हा प्रश्न आलाच नाही.

मशीन जोडलेले चाळीस पोर्ट 'एज पोर्ट' केले, म्हणजे ते ३० सेकंद न थांबता लगेच खुले होतात. दुसऱ्या स्विचकडे जाणारा पोर्ट मात्र तसाच ठेवला. तिथे हे केलं आणि चुकून लूप झाला तर सगळं नेटवर्क बसेल.

उरलेला वेळ टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल आणायची साधी पद्धत) खात होतं. नव्या लिनक्सची बूट फाइल ७४ एमबीची, जुनी होती १८ ची. आमचा बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) ती १०२४ बाइटच्या तुकड्यांनी मागत होता, म्हणजे ७५,७७६ तुकडे. प्रत्येक तुकड्याची पोच गेल्याशिवाय पुढचा येत नाही. एका फेरीला दीड मिलिसेकंद धरला तरी जवळजवळ दोन मिनिटं होतात. सर्व्हर कितीही तगडा असला तरी पोचेची वाट त्याला बघावीच लागते. आता टीएफटीपीवरून फक्त आयपीएक्सईची काहीशे केबीची फाइल येते आणि बाकी सगळं एचटीटीपीने, म्हणजे वेबसाइट येतात त्या पद्धतीने. ती ७४ एमबी आता चार-पाच सेकंदांत उतरते.

बसवताना दोन ठिकाणी अडले. आयपीएक्सई सुरू झालं की तेही डीएचसीपीला (आयपी पत्ता आणि बूट फाइलचं नाव देणाऱ्या सेवेला) विचारतं, त्याला पुन्हा आयपीएक्सईच मिळतं, आणि मशीन गोल गोल फिरत राहतं. डीएनएसमास्क या आमच्या डीएचसीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑप्शन १७५ (विचारणारं आयपीएक्सई आहे हे सांगणारी खूण) बघून वेगळं उत्तर द्यायला लावलं, मग सुटलं. दुसरं आयपीएक्सईची फाइल निवडण्याचं. 'एसएनपीओन्ली' घेतली तर ती फर्मवेअरचाच (मशीनमध्ये मुळातच असलेल्या सॉफ्टवेअरचाच) ड्रायव्हर वापरते, आणि आमच्या नेटवर्क कार्डांवर तीच नीट चालली. बायोस हे जुन्या प्रकारचं फर्मवेअर असलेल्या सहा जुन्या मशीनना 'अनडायओन्ली' लागते. कोणाला काय द्यायचं ते ऑप्शन ९३ (मशीनचा प्रकार सांगणारी खूण) वरून ठरतं.

एरर आली की सोबत तिच्या माहितीच्या पानाचा पत्ता स्क्रीनवर येतो, हे मला फार आवडलं. पण बाकीची माहितीपुस्तिका जाणकारांसाठी लिहिली आहे. डीएचसीपी म्हणजे काय इथपासून सुरुवात असेल तर आधी कोणाला तरी सोबत घ्या. आणि आमच्या मशीनवर सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागलं. ज्यांना ते बंद करायची परवानगी नाही त्यांनी हे आधी तपासावं. यासाठी मी अर्धा तारा कापते : पाचपैकी साडेचार.

आता वेळ १ मिनिट १२ सेकंद, रॅम तेवढीच. शेजारच्या लॅबचे सर परवा येऊन स्विचची सेटिंग वहीत उतरवून घेऊन गेले.