ऑक्टाव्हिया आरएससाठी मोठा इंटरकूलर: घाटात उपयोगी, सिग्नलवर नाही

2017 मध्ये भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिन 230 अश्वशक्ती देते आणि थंडीतल्या सकाळी ते या आकड्याला पुरेपूर जागते. पण एप्रिल-मेमध्ये पुण्याजवळच्या ताम्हिणी घाटाची चढण सलग चढताना त्याच गाडीचा पिकअप मंदावलेला स्पष्ट जाणवतो. याचे मुख्य कारण म्हणजे इंजिनात शिरणारी तापलेली हवा. त्यावर उपाय म्हणून मी कंपनीचा मूळ इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी) काढून त्याच जागी बसणारा, बार-अँड-प्लेट (पट्ट्या आणि पत्रे रचून केलेल्या) रचनेचा, जाड कोअरचा, म्हणजे जाड गाभ्याचा, इंटरकूलर बसवून घेतला. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण साधारण याच मापाचे कोअर अनेक जण विकतात आणि पुढील निरीक्षणे नावापेक्षा रचनेला अधिक लागू पडतात.

टर्बोने दाबलेली हवा तापते हे सर्वांना ठाऊक असते. ती किती तापते, याचा अंदाज मात्र बहुतेकांचा कमी पडतो. बाहेर 35 अंश सेल्सिअस तापमान असताना हवेचा दाब दुप्पट केला आणि कॉम्प्रेसरची (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा 130 अंशांच्या आसपास पोहोचते. या वाढीपैकी 70 टक्के उष्णता इंटरकूलरने काढून घेतली तर इंजिनाला सुमारे 64 अंशांची हवा मिळते. 85 टक्के काढून घेतली तर सुमारे 50 अंशांची. हवेच्या घनतेतील फरक जेमतेम साडेचार टक्के भरतो आणि विक्रेते त्याचाच गाजावाजा करतात; वास्तविक मोठा लाभ नॉकिंग (इंधन-हवेचे मिश्रण आपोआप पेटून इंजिनात बसणारे ठोके) टळण्यात आहे. गरम हवेमुळे नॉकिंगची शक्यता वाढली की ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशनचे टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि चालकाला जाणवणारा मंदपणा बहुतांशी त्यातून येतो. एक्सपी 100 सारखे जास्त ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंग सहज होऊ न देणारे, पेट्रोल भरल्यावर उन्हाळ्यातही गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते, ते याच कारणाने.

या गाडीत इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरच्या मागे आणि रेडिएटरच्या पुढे, असा दोघांच्या मध्ये दाबून बसवलेला आहे. त्यामुळे एसी चालू असताना त्याच्यापर्यंत पोहोचणारा वारा आधीच कंडेन्सरमधली उष्णता घेऊन आलेला असतो. जमेची बाजू ही की इंजिनाची इनटेकची बाजू पुढे आणि एक्झॉस्ट व टर्बोची बाजू मागे, केबिनच्या भिंतीकडे आहे. म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड टर्बोच्या थेट धगीपासून दूर राहतो.

आता प्रत्यक्ष अनुभव. ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) साधा ब्लूटूथ डोंगल जोडून मी इनटेकचे तापमान पाहत असे. मूळ इंटरकूलरवर घाटातल्या सलग चढणीत ते वाढतच जाई आणि उतार लागेपर्यंत खाली येत नसे. नवा इंटरकूलर बसवल्यावर त्याच चढणीवर ते काही अंश वाढून स्थिरावते, आणि मला या उत्पादनात सर्वाधिक मोलाचे वाटते ते हे स्थिरावणे. तरीही मूळ ट्यूनवर (कंपनीच्या मूळ ईसीयू सेटिंगवर) गाडी वेगवान झाली असे मी म्हणणार नाही. एका ओव्हरटेकसाठी दिलेल्या जोरात दोन्हींमधला फरक मला ओळखता आला नाही. स्टेज वन रीमॅप (ईसीयूच्या सॉफ्टवेअरमधला पहिल्या पायरीचा बदल) केल्यानंतर, म्हणजे बूस्ट (टर्बोचा दाब) वाढल्यानंतर, तो नि:संशय कळला.

शहरातली गोष्ट वेगळी आहे. पुण्यात नवले पुलाजवळच्या कोंडीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना कोअरमधून वाराच जात नाही, आणि मग जाड कोअर हा गुण न राहता थोडा अडचणीचाच ठरतो. बार-अँड-प्लेटमध्ये धातू जास्त असल्याने तो उशिरा तापतो, हे खरे. पण एकदा तापला की निवायलाही वेळ घेतो. ट्यूब-अँड-फिन (नळ्या आणि पातळ पाती) रचनेचा कोअर हलका असतो आणि मोकळा रस्ता लागताच लवकर थंड होतो. ज्यांचे बहुतेक ड्रायव्हिंग हिंजवडी ते कोथरूड एवढेच आहे, त्यांनी जाडीच्या मोहात पडू नये. शिवाय जाड कोअर मागच्या रेडिएटरचा वारा अडवतो, याची जाहिरातीत वाच्यता नसते.

फिटिंगबाबत थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. बंपर काढून पुढचा सांगाडा सर्व्हिस पोझिशनला, म्हणजे कामापुरता पुढे, ओढावा लागतो आणि एसीच्या गॅसच्या नळ्या न सोडता कंडेन्सर पट्टीने बांधून बाजूला टांगून ठेवावा लागतो. हे काम जाणकार हातांचे आहे. हवेचे पाइप क्लिप आणि ओ-रिंगने (रबरी कड्याने) बसतात. क्लिप पूर्ण आत गेली नाही तरी पाइप बाहेरून बसल्यासारखाच दिसतो. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते: बूस्ट येताच बंपरच्या उजव्या बाजूने बारीक शिट्टीसारखा आवाज येई. गॅरेजवाल्यांनी स्मोक टेस्ट करून (पाइपात धूर सोडून) गळती शोधली, क्लिप नीट बसवली आणि जुनी चपटी झालेली ओ-रिंग बदलून दिली. नव्या ओ-रिंग आधीच मागवून ठेवाव्यात. पाच-पन्नास रुपयांच्या रबरासाठी सगळे पुन्हा उघडणे कोणालाच परवडत नाही.

पर्यायांपैकी उघडा कोन फिल्टर (बंद पेटीविना बसणारा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) मी सपशेल नाकारतो. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि वरच्या हिशेबाने टर्बोआधी वाढलेला प्रत्येक अंश टर्बोनंतर सुमारे 1.3 अंश होऊन पुढे जातो. कंपनीचा एअरबॉक्स ग्रिलमागून हवा घेतो, तोच बरा. वॉटर इंजेक्शन (इंजिनात जाणाऱ्या हवेत पाण्याचा फवारा मारणे) मात्र गंभीर पर्याय आहे. 2016 च्या बीएमडब्ल्यू एम4 जीटीएसमध्ये डिकीत पाच लिटरची पाण्याची टाकी आणि मॅनिफोल्डवर तीन इंजेक्टर होते, आणि हवेचे तापमान सुमारे 25 अंशांनी उतरते असा कंपनीचा दावा होता. पण बाजारातला किट लावून त्याच्या भरवशावर आक्रमक ट्यून केला आणि पाणी संपले, तर इंजिन वाचवणारी सुरक्षायोजना त्या किटमध्ये असेलच असे नाही.

माझे मत असे: गाडी मूळ ट्यूनवर असेल तर हा खर्च करू नये. रीमॅप केलेला असेल किंवा करायचा असेल आणि घाट किंवा ट्रॅक नेहमीचा असेल, तर मध्यम जाडीचा, ओतीव अॅल्युमिनियमच्या एंड टँकचा (कोअरच्या दोन्ही टोकांच्या डब्यांचा) इंटरकूलर घ्यावा. भाव विचारताना मजुरी, ओ-रिंग आणि स्मोक टेस्ट धरूनच विचारावा. पावसाळ्यानंतर पुढची जाळी धुताना प्रेशर वॉशरचा फवारा लांबून मारायला सांगावे, नाहीतर कंडेन्सरच्या पत्र्याच्या बारीक पाती दुमडतात आणि मागच्या महागड्या कोअरला मिळणारा वारा तिथेच अडतो.