काळ्या रानात मेटल डिटेक्टर: नाणं किती खोल सापडतं?

परभणीकडच्या आमच्या काळ्या रानात पेरणीपासून हरभरा निघेपर्यंत मेटल डिटेक्टर वापरला. विकताना "आठ फुटांपर्यंत दाखवतं" असं सांगतात. नाण्याच्या बाबतीत हे खोटं आहे. एकटं नाणं सहा इंचांपर्यंत खात्रीनं सापडतं, फार तर वीतभर, त्याखाली नाही.

मी बांधाकडेला नाणी मुद्दाम पुरून पाहिली. जुनं जाड पाच रुपयांचं नाणं सहा इंचांवर स्वच्छ वाजलं, आठ इंचांवर आवाज तुटू लागला. आजीच्या पेटीतला निजामाचा हाली रुपया त्याहून थोडा खोल कळला, कारण तो मोठा आणि चांदीचा. तेच नाणं उभं पुरलं की आवाज पडतो. हल्लीचे स्टेनलेस स्टीलचे रुपये चुंबकाला चिकटतात, त्यामुळे लोखंड वगळायची सेटिंग लावली तर मशीन त्यांनाही खिळाच समजतं.

महागडं मशीन घेऊनही खोली दुप्पट होत नाही. कॉइलचं, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या चकतीचं, चुंबकीय क्षेत्र खाली जाताना विरतं आणि नाण्याकडून परत येणारं तसंच विरतं. अंतर दुप्पट झालं की संकेत साधारण चौसष्टावा भाग उरतो.

त्यात आपली माती. ती बेसाल्टची, लोहखनिज भरलेली, म्हणून मशीन मातीलाच ओरडत राहतं. धातू नसलेल्या जागी कॉइल खालीवर करून ग्राउंड बॅलन्स साधायचा, म्हणजे मशीनला मातीकडे दुर्लक्ष करायला लावायचं, मग सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवायची. पूर्ण चढवली की खोली उलट कमी मिळते. मोठी कॉइलही इथे फार कामाची नाही, जास्त माती बघते आणि जास्त गोंधळते. शिवाय उन्हाळ्यात रान उलतं, हात हात भेगा पडतात. त्यात पडलेलं नाणं पावसात भेग मिटली की मशीनच्या आवाक्याबाहेर जातं.

सापडलं काय? फाळाचे तुकडे, बैलांच्या पत्र्या, खिळे भरपूर. खुरपणीत हरवलेलं चुलतीचं चांदीचं जोडवं मात्र ह्याच मशीननं काढून दिलं, आणि तेवढ्यासाठी मला ते आवडतं. हरवलेली वस्तू शोधायला घ्या, गुप्तधनासाठी घेऊ नका.

तेर, पैठण, भोकरदन ही सातवाहनकाळातली गावं. तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, शिशाची आणि पोटीन या तांबेमिश्रित धातूची नाणी निघतात. ते नाणं कोणत्या थरात, कशाशेजारी होतं यावरून काळ ठरतो, आणि उकरून काढलं की तो पुरावा कायमचा गेला. संरक्षित जागेत परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहेच. स्वतःच्या शेतात सापडलं तरी 1878 च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जुन्या गावठाणाच्या टेकाडावर मशीन नेऊच नका. आमच्या शिवारातलं टेकाड मी तसंच सोडलंय.