ट्रॅक्टरमागे ओढायचं झुडपं कापायचं यंत्र, भंगारातून बांधलेलं: आठ महिन्यांनंतर

नव्याचे नऊ दिवस सरू द्यावेत म्हणून थांबलो होतो. आता आठ महिने झालेत, दोन वेळा वाढलेलं रान कापून झालंय आणि एकदा सगळं खोलून पुन्हा बांधलंय.

माझ्या जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ (मागच्या अवजारांना ताकद देणारा फिरता दांडा) बंद आहे, म्हणून यंत्रावर स्वतंत्र इंजिन हवं होतं. एका निकामी पंपाचं 13 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन मिळालं. मोडीत निघालेल्या गाडीचं मागचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारी गिअरपेटी, असं उभं केलं की एक ॲक्सल सरळ जमिनीकडे राहील. दुसरी बाजू कापून बंद केली. पिनियन, म्हणजे पेटीत ताकद आणणारा दातेरी दांडा, आडवीच राहते, त्यामुळे इंजिनचा पट्टा थेट तिच्या पुलीवर. आतले स्पायडर गिअर (दोन्ही ॲक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे छोटे गिअर) वेल्ड करून जाम करावेच लागतात. नाहीतर पात्यावर भार आला की सगळी ताकद मोकळ्या बाजूला जाते आणि पातं ढिम्म.

पहिली चूक वेगाची. दोन्ही पुल्या सारख्या लावल्या. इंजिन मिनिटाला 3600 फेऱ्यांचं, डिफरन्शियलचं प्रमाण 4.1 (पिनियनच्या 4.1 फेऱ्यांना ॲक्सलची एक), म्हणजे पात्याला जेमतेम 880. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास 1.1 मीटर असल्याने टोकाचा वेग सेकंदाला 50 मीटर पडत होता. काड्या तुटायच्या, पण गवत नुसतं लोळायचं आणि आपण पुढे गेलो की हळूच डोकं वर काढायचं. इंजिनावर साडेपाच इंची आणि पिनियनवर चार इंची पुली लावली, वेग 70 मीटरच्या आसपास गेला, तेव्हा कुठे कापणी म्हणावी अशी कापणी झाली.

पाती गाडीच्या कमानपाट्याची (लीफ स्प्रिंगची). ती आधी चकतीला वेल्ड केली होती, हा शुद्ध आळस. वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं, तिसऱ्याच दिवशी बारीक तडा दिसला. दिसला म्हणून बरं, उडालं असतं तर हे लिहायला मी नसतो. आता जाड चकतीवर बोल्टभोवती फिरणारी पाती आहेत. दगड लागला की मागे सरकतात. दोन्ही पाती तराजूवर घालून, घासून सारख्या वजनाची केली. आधी तसं केलं नव्हतं, त्या थरथरीने सांगाड्याचा एक जोड सुटला होता.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते तेलाने. डिफरन्शियल उभं केलं की वरचं बेअरिंग कोरडं पडतं, कारण नेहमीची तेलाची पातळी तिथवर पोचतच नाही. माझं बेअरिंग तापून निळं पडल्यावर हे कळलं. आता वरून भोक पाडून ते बेअरिंग बुडेपर्यंत तेल भरतो आणि हवा जायची नळी वर उंच नेलीय. त्याचा उलटा त्रास असा की तेलाचा सगळा भार खालच्या सीलवर (ॲक्सलभोवती तेल अडवणाऱ्या कड्यावर) येतो. ते दोनदा बदललं, तरी रात्रभर उभं ठेवलं की खाली दोन-चार थेंब असतातच.

बाकी ठीक. अंगठ्याएवढ्या जाडीचं झुडूप सहज, त्याहून जाड असेल तर मी उतरून करवत काढतो. पुढे-मागे साखळ्यांचे पडदे आहेत, तरी यंत्र चालू असताना आजूबाजूला कुणाला उभं राहू देत नाही. पट्टा सैल केल्यावरही पाती बराच वेळ फिरत राहतात, म्हणून ती थांबलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जवळ जात नाही.

पुढच्या वेळी खोलीन तेव्हा खाली एकाऐवजी दोन सील बसवून बघायचंय.