विक, फिंगर-फोर की थॅच वीव्ह? सिम्युलेटरवर मित्रांबरोबर उडताना कुठलं फॉर्मेशन घ्यायचं

दुसऱ्या महायुद्धातली विमानं घेऊन सिम्युलेटरवर मित्रांबरोबर उडायला लागलात की फॉर्मेशनची, म्हणजे विमानं एकत्र उडवायच्या मांडणीची, ही तीन नावं येतातच आणि नवीन माणूस आकार बघून निवडतो. तसं करू नका, कोणाची नजर कुठे अडकतेय ते बघा.

विक म्हणजे पुढे लीडर आणि त्याला अगदी खेटून मागे दोघं, 1940 ला ब्रिटिश हवाईदल असंच लढायला गेलं. दिसतं झकास, ढगातून तिघं एकत्र बाहेर येतात, पण बाजूचे दोघं सगळा वेळ लीडरच्या पंखाकडे बघत बसतात कारण नजर हटली की टक्कर, म्हणजे आभाळ बघणारा खरा एकच उरतो. मुळात हे बॉम्बर पाडायला बसवलेलं, जर्मन फायटर इंग्लंडपर्यंत पोचणार नाहीत असं धरून, आणि मग फ्रान्स पडला आणि मेसरश्मिट 109 ही जर्मन फायटर थेट इंग्लिश खाडीपलीकडूनच यायला लागली! हात बसायला विक जरूर उडवा, लढायला नको.

फिंगर-फोरसाठी हात टेबलावर पालथा ठेवा, अंगठा दुमडा, चार नखं म्हणजे चार विमानं. स्पेनच्या यादवी युद्धात वेर्नर मोल्डर्स आणि त्याच्या सोबतच्या जर्मन पायलटांनी हे घडवलं. दोन जोड्या, जोडीत साधारण 200 मीटर अंतर, त्यामुळे एकमेकांवर आदळायची भीती नाही आणि प्रत्येकाला मान फिरवून दुसऱ्याच्या शेपटीमागे बघता येतं. वळताना पण सोपं, विकमध्ये आतल्याला स्पीड कमी करावा लागतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं, इथे सरळ बाजू बदलायच्या. फक्त विंगमनला, म्हणजे जोडीतल्या लीडरच्या साथीदाराला, गोळी झाडायला क्वचितच मिळते, त्याचं काम लीडरची पाठ सांभाळायचं, आणि ज्याला ते पटत नाही तो पहिल्याच डॉगफाइटला, म्हणजे जवळून होणाऱ्या विमानांच्या झुंजीत, एकटा सुटतो आणि मग दोघंही पडतात.

थॅच वीव्ह मला सगळ्यात आवडतं. अमेरिकन नौदलाच्या जॉन थॅचने 1941 मध्ये घरी टेबलावर काडेपेटीतल्या काड्या मांडून ते शोधलं, कारण जपानचं झिरो फायटर विमान त्यांच्या वाइल्डकॅट फायटरपेक्षा वळायलाही चपळ आणि चढायलाही. दोघांनी अंतर ठेवून शेजारी उडायचं, एकाच्या मागे शत्रू लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचं, पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या तोफांसमोर येतो. आणि रेडिओवर ओरडायची गरजच नाही, जोडीदार तुमच्याकडे वळला हाच इशारा, तुमच्या मागे कोणीतरी आहे. 4 जून 1942 ला पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईत थॅचने सहाच वाइल्डकॅट घेऊन हे वापरलं. तोटा एवढाच की हा बचाव आहे, सतत असं एकमेकांकडे वळत, विणत राहिलात तर पुढे कमी सरकता.

दोघंच असाल आणि विमान समोरच्यापेक्षा हळू असेल तर डोळे झाकून थॅच वीव्ह घ्या. चौघं रोज जमत असाल तर फिंगर-फोर, पण आधी दोघादोघांच्या जोड्या नीट बसवा, आणि सुरुवातीला अंतर 200 च्या जागी 300 मीटर ठेवलंत तरी चालेल, खेटून उडण्यापेक्षा ते कधीही बरं.