टायटॅनियमच्या नावाने ॲल्युमिनियम: चाकूच्या पट्ट्या बदलून घेताना झालेली फसवणूक

खिशात बाळगायच्या चाकूच्या मुठीवरील मूळ प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजेच स्केल्स, काढून त्या जागी टायटॅनियम, मायकार्टा (कापड आणि राळेचे थर दाबून बनवलेले टणक साहित्य), कार्बन फायबर किंवा शिसवी लाकडाच्या पट्ट्या बसवून घेण्याची हौस आता आपल्याकडेही बऱ्यापैकी रुजली आहे, आणि त्याबरोबर समाजमाध्यमांवर अशा कामाच्या ऑर्डरी घेणारेही वाढले आहेत. त्यांतले काही जण उत्तम कारागीर आहेत. माझी गाठ पडली ती मात्र एका लबाड विक्रेत्याशी, आणि त्याची पद्धत इतरांच्या लक्षात यावी एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

माझा चाकू व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा 91 मिलिमीटर लांबीचा स्पार्टन आहे. या मापाच्या चाकूंच्या लाल पट्ट्या सेलिडोर नावाच्या प्लास्टिकच्या असतात. त्यांना स्क्रू नसतात. आतल्या बाजूच्या खाचा रिव्हेटच्या टोकांवर दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे थोड्या सावधगिरीने त्या निघतात आणि नव्या बसतात. बदल करून घेतल्यावर कंपनीची हमी लागू राहत नाही, हे मला ठाऊक होते आणि मान्यही होते. विक्रेत्याने ग्रेड 5 या मिश्रधातू प्रकारच्या टायटॅनियमच्या निळ्या पट्ट्या बसवून देण्याचे साडेसहा हजार रुपये सांगितले. पैसे यूपीआयने आगाऊ घेतले आणि चाकू कुरिअरने मागवून घेतला.

धातू खरा कशावरून, असे विचारल्यावर त्याने एक छोटी चित्रफीत पाठवली. तिच्यात तो पट्टीवर लोहचुंबक फिरवतो, चुंबक चिकटत नाही, आणि मागून ‘ओरिजिनल टायटॅनियम’ असा आवाज येतो. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही हे खरेच आहे, पण ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, पितळेलाही नाही आणि प्लास्टिकलाही नाही. या चाचणीने फार तर पट्टी लोखंडाची नाही एवढे कळते, आणि लोखंडाची आहे असे कोणी म्हटलेच नव्हते. गिऱ्हाइकाच्या शंकेला उत्तर दिल्यासारखे दिसावे पण उत्तर मिळू नये, असा हा बेतलेला पुरावा होता.

दुसरा पुरावा तर त्याच्याच रंगांच्या तक्त्यात होता. त्यात निळ्या आणि जांभळ्या पट्ट्यांशेजारी भडक लाल रंगाची ‘टायटॅनियम’ पट्टीही होती. टायटॅनियमला विजेच्या साहाय्याने रंग येतो तो कोणत्याही रंगद्रव्याने नव्हे, तर पृष्ठभागावर तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. विद्युतदाब बदलला की थराची जाडी बदलते आणि तिच्यानुसार तांबूस सोनेरी, जांभळा, निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा अशा छटा मिळतात. शुद्ध लाल रंग या पद्धतीने मिळत नाही. ॲल्युमिनियमवर असाच तयार केलेला थर मात्र सच्छिद्र असतो, त्यात हवे ते रंगद्रव्य मुरवता येते, म्हणून लाल, काळे, पोपटी असे सगळे रंग तिथे सहज निघतात.

चाकू परत आला तो देखणा होता, हे कबूल केले पाहिजे. पण चिमटा आणि दातकोरणे ठेवण्याच्या खाचा अरुंद झाल्या होत्या, मूळ लाल पट्ट्या ठरलेले असूनही परत पाठवल्या नव्हत्या, आणि नव्या पट्ट्या नुसत्या दाबून न बसवता इपॉक्सी या घट्ट गोंदाने पक्क्या चिकटवल्या होत्या. विचारल्यावर ‘मजबुतीसाठी’ असे उत्तर आले. माझ्या मते त्याचे खरे कारण वेगळे असावे: चिकटवलेली पट्टी सुटी करून कोणी वजन करायला जात नाही.

शंका पक्की झाली ती बर्फाने. पट्टीवर बर्फाचा खडा ठेवताच तो पाणी सोडत भराभर वितळू लागला आणि पट्टी लगेच थंडगार पडली. टायटॅनियम उष्णता फार सावकाश वाहून नेते, ॲल्युमिनियम झपाट्याने. मग हेअर ड्रायरच्या उष्णतेने इपॉक्सी मऊ करून पट्ट्या सोडवल्या आणि ओळखीच्या सराफाच्या काट्यावर नेल्या. दोन्हींचे मिळून वजन 17.9 ग्रॅम भरले. त्यानंतर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेल्या पट्ट्या तळाला किंवा काठाला न टेकवता पूर्ण बुडवल्या, काटा 6.6 दाखवू लागला. हे पट्ट्यांचे घनसेंटीमीटरमधले आकारमान. भागाकार केला की घनता 2.7 येते, जी ॲल्युमिनियमची आहे. ग्रेड 5 टायटॅनियमची घनता 4.4 च्या आसपास असते, म्हणजे याच पट्ट्या 29 ग्रॅमच्या भरायला हव्या होत्या. सराफ हसून म्हणाले, “अहो, एवढा फरक हाताला कळतो.” मूळ धातूची पट्टी कधी हातात घेतली असेल तर कळतो, हे त्यात गृहीत आहे.

विक्रेत्याला काट्याची छायाचित्रे पाठवली. उत्तरादाखल तीच चुंबकाची चित्रफीत पुन्हा आली, आणि पैसे परत मागताच त्याने मला ब्लॉक केले.

पुढील कारवाईबाबत उपयोगी पडेल ते एवढे. पैसे घेऊन काहीच न पाठवणाऱ्याविरुद्ध 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. वस्तू हातात पडलेली असल्यामुळे माझ्या प्रकरणात मात्र ग्राहक आयोगाचाच मार्ग सुचवण्यात आला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. अडचण येते ती विक्रेत्याचे नाव आणि पत्ता देण्यात, कारण समाजमाध्यमावरील टोपणनावाला नोटीस बजावता येत नाही. पार्सलच्या वेष्टनावरची कुरिअरची चिठ्ठी मी फाडून टाकलेली नव्हती. तिच्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आणि यूपीआयच्या पावतीवरचे नाव हे दोन्ही तक्रारीसोबत जोडले आहे. चाकूला सध्या सुट्या विकत मिळणाऱ्या साध्या लाल सेलिडोर पट्ट्या बसवल्या आहेत, आणि निळी जोडी इपॉक्सीच्या डागांसह पाकिटात जपून ठेवली आहे, कारण सुनावणीत ती मागितली जाईल.