डॅडारिओ क्रोम्स ४५-१००: बेसला फ्लॅटवाउंड तारा लावण्याआधी

दुकानातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बेस गिटारला राउंडवाउंड, म्हणजे बाहेरून गोल तार गुंडाळलेल्या, तारा असतात. नव्या असताना त्या खणखणीत वाजतात. मग गोल वेटोळ्यांमधल्या खाचांत घाम, बोटांचं तेल आणि धूळ साचते आणि आवाज मंद होत जातो. मळ सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे तारेचं वजन लांबीभर सारखं राहत नाही आणि बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूपट्टीच्या) आसपासचे सूर हलू लागतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत हे फार लवकर घडतं. नोकरी सांभाळून आठवड्यातून दोन-तीनदा वाजवणाऱ्याला सारख्या नव्या तारा घेणं जिवावर येतं. अशा वादकाने डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स या फ्लॅटवाउंड, म्हणजे चपटी पट्टी गुंडाळलेल्या, तारांचा विचार जरूर करावा. चार तारांच्या नेहमीच्या बेससाठी त्यातला ईसीबी८१ हा संच योग्य. तारांच्या जाडीची मापं, इंचाच्या हजाराव्या भागात, ४५, ६५, ८०, १००.

आमचं मत आधीच सांगतो. तारा उत्तम आहेत, वर्षानुवर्षं टिकतात, पण या खरेदीत अर्धं काम सेटअपचं, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवून घेण्याचं, आहे. जुन्या तारा काढून या तशाच ताणल्या तर गिटार वाजवायला जड होते आणि खापर तारांवर फुटतं. सेटअपची तयारी असेल तरच पाकीट उघडा.

बांधणी बघा, म्हणजे पुढचं सगळं समजतं. आत षटकोनी पोलादी गाभा असतो आणि सर्वांत बाहेर स्टेनलेस स्टीलची चपटी, पॉलिश केलेली पट्टी गुंडाळलेली असते. नखाने तारेवरून ओरखडा काढला तरी खरखर जवळजवळ होत नाही. मळ साचायला खाच नाही, म्हणून आवाज टिकतो. पण खाच नाही याचा अर्थ तेवढ्याच जाडीत धातू जास्त भरलाय. वजन वाढलं की त्याच सुराला आणायला ताण जास्त लागतो. म्हणून ४५-१०० च्या क्रोम्स ४५-१०० च्या निकेलच्या राउंडवाउंड तारांपेक्षा बोटांना कडक लागतात आणि नेकला, म्हणजे गिटारच्या मानेला, जास्त ओढतात. आधीच्या तारा ४५-१०५ च्या असतील तर ‘जाडी तीच हवी’ म्हणून क्रोम्सचा जाड संच घेऊ नका. हलका घ्या.

आवाजाबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय की फ्लॅटवाउंड म्हणजे गुबगुबीत, दबका आवाज. क्रोम्स बाजारातल्या फ्लॅट्समध्ये उजळ गणल्या जातात. पहिल्या दिवशी तर त्या चकित करण्याइतक्या चमकदार वाजतात, वरच्या सुरांत धातूची किणकिण असते. नियमित वाजवलं तर दोन-तीन आठवड्यांत ती उतरते आणि मग खरा आवाज हाती येतो: ठाम सुरुवात, भरीव खालचा मध्य, आणि लवकर आवरती घेणारी शेपटी. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पसंती-नापसंती ठरवू नका. नव्या तारांचा स्पर्शही काहींना किंचित चिकट लागतो. सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तार पुसली की तो बराच जातो. फक्त फिंगरबोर्डवर कापडाची पट्टी ठेवा, लाखेला आणि लाकडाला ते लागू देऊ नका.

जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, भावगीतांची साथ, गझल, रेगे, सोल, जॅझ, या सगळ्यात हा आवाज चपखल बसतो. १९५१ मध्ये फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हा त्यावर फ्लॅटवाउंड ताराच होत्या, आणि डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत बेसवादक जेम्स जेमरसनने जो बेस वाजवला तो जाड फ्लॅट्सवरच. राउंडवाउंडचा जोर साठच्या दशकाच्या उत्तरार्धात वाढला. म्हणजे जुन्या रेकॉर्डवरचा बेस आपल्या गिटारवर ‘तसा’ का वाजत नाही, याचं निम्मं उत्तर तारांत असतं.

आता बसवणं. एका वेळी एकच तार काढा आणि बदला, म्हणजे नेकवरचा ताण एकदम सुटत नाही. तार ब्रिजमधून (खालच्या टोकाच्या आधारातून) ओढून नटवर (डोक्याकडच्या खाचा असलेल्या तुकड्यावर) आणा आणि तिच्या खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर मोजा. एवढ्यात खुंटीवर दोन ते तीन वेढे बसतात. तिथे तार आधी काटकोनात घट्ट वाकवा आणि वाकाच्या पुढे सेंटीमीटरभर सोडून कापा. न वाकवता कापली तर बाहेरची पट्टी गाभ्यावर सैल होण्याची भीती असते. सैल झालेली तार कायमची मेलेली वाजते, तिला इलाज नाही. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली सरळ घाला, वेढे वरून खाली उतरते द्या. वळवताना तार स्वतःभोवती पिळू देऊ नका. दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून ठेवा. पीळ बसला की सूर डळमळतो.

एवढं झालं की एक गोष्ट हमखास विसरली जाते. फ्लॅट तार ताठ असते, त्यामुळे सॅडलवरून (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यावरून) उतरताना ती गोलाईत येते, कोन पडत नाही. सॅडलच्या लगेच पुढे अंगठ्याने तार हलकेच खाली दाबा, तसंच नटच्या पुढेही. तार जिथे टेकते तिथे स्वच्छ वळण आलं पाहिजे. हे केलं नाही तर इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर खरा लागणं, किती फिरवलं तरी जुळत नाही, आणि उगाच तारेला दोष दिला जातो. दाब मात्र बेताचा. जोरात दाबून पट्टीला घडी पाडलीत तर तीही कायमची.

मग ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक ठरवणारी सळई. गिटार सुरात लावून एक रात्र तशीच राहू द्या, नेकला नवा ताण कळू द्या. दुसऱ्या दिवशी सर्वांत जाड ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) आणि शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. ती साधारण ०.३ मिलिमीटर हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर एक साधं व्हिजिटिंग कार्ड फटीतून जेमतेम सरकायला हवं. क्रोम्स लावल्यावर फट बहुधा वाढलेली सापडते. रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, एका वेळी पाव फेरीपेक्षा कमी फिरवा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. फिरवण्याआधी तारा थोड्या ढिल्या केल्या तर रॉडवर जोर कमी येतो. ॲलन की नेमक्या मापाची घ्या. ढिली ॲलन की रॉडच्या टोकाचे कोपरे खाऊन टाकते आणि मग दुरुस्तीचा खर्च तारांपेक्षा जास्त होतो. रॉड हट्टाने अडला तर तिथेच थांबा आणि गिटार कारागिराकडे न्या.

नेक सरळ झाल्यावरच सॅडलला हात लावा, आधी नाही. सतराव्या फ्रेटवर ई तारेची उंची २.४ मिलिमीटर आणि सर्वांत बारीक जी तारेची २ मिलिमीटर ही सुरक्षित सुरुवात. फ्लॅट्सचं कंपन आटोपशीर असतं, त्यामुळे हात हलका असेल तर याहून थोडं खालीही जाता येतं. फ्रेट खडखडू लागले की सॅडलच्या उंचीचा स्क्रू पाव फेरी मागे घ्या.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं टेकून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. ई तारेचं सॅडल कधी कधी पार मागे जाऊनही अजून जागा मागतं. तेव्हा स्क्रूवरची स्प्रिंग दाबून अडत असते. ती काढून अर्धी कापा, जागा मिळते.

नटकडेही एकदा बघा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसली पाहिजे. त्याहून जास्त असेल तर खाच उथळ आहे; मग पहिल्या दोन फ्रेटवरचे सूर चढे वाजतात आणि कडक फ्लॅट्समुळे ते जास्तच जाणवतं. सुरात लावताना ‘टिक’ आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं की बहुतेक वेळा भागतं. खाच खोल करायचं काम मात्र नटच्या कानशी असलेल्या माणसाकडून करून घ्या, सुईकानशीचे प्रयोग करू नका.

पिकअप, म्हणजे तारांखालचे चुंबकी भाग, शेवटी. शेवटचा फ्रेट दाबून तारेच्या खालून पिकअपपर्यंत ई बाजूला सुमारे ३ आणि जी बाजूला २.५ मिलिमीटर ठेवा. ई तार बाकीच्यांवर कुरघोडी करत असेल तर तिची बाजू आणखी उतरवा. पिकअप फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतं आणि वरच्या फ्रेटवर सूर लहरत ऐकू येतो.

ॲम्पवर जुन्या सवयी बदलाव्या लागतात. निकेल तारांसाठी चढवलेला बेस नॉब क्रोम्सवर तसाच ठेवलात तर सगळा चिखल होतो. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. आठ किंवा दहा इंची स्पीकरच्या छोट्या ॲम्पला तो धड काढताच येत नाही, कान तो वरच्या स्वरांशांवरून ओळखतो. म्हणून बेस नॉब मध्यावर किंवा किंचित खाली, आणि ७०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडा उठाव. टोन नॉब आधी पूर्ण उघडा ठेवून वाजवा, मग लागेल तेवढा बंद करा. हॉलमध्ये ढोलकी, तबला आणि कीबोर्डचा डावा हात असेल तर हा मधला उठावच बेसला ऐकू येण्याजोगा ठेवतो.

निगा अगदी थोडी. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने वरून आणि तारेखालूनही पुसा. राउंडवाउंड तारा उकळून थोडा जीव आणतात, तो उपाय इथे करू नका. साफ करायला खाचाच नाहीत, उलट पट्टीखाली पाणी शिरलं तर गाभा गंजतो. तारा टिकल्या तरी नेक लाकडाचाच आहे. पाऊस सुरू झाल्यावर जूनअखेरीस आणि हवा कोरडी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये आठव्या फ्रेटची ती फट पुन्हा मोजा. केसमध्ये सिलिका जेल ठेवा आणि ते वेळेवर बदला.

स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर आघात करून वाजवणं, हा तुमचा मुख्य ढंग असेल तर क्रोम्स घेऊ नका. अंगठ्याचा तो कडाडणारा आवाज यात येत नाही, आणि ॲम्पवर ट्रेबल वाढवून तो आणायला गेलात तर फक्त सिसकारी वाढते. पिकने जड मेटल वाजवणाऱ्यांनाही राउंडवाउंडच बऱ्या. उलट फ्रेटलेस बेस असेल तर विचारच करू नका. राउंडवाउंड तारा बोर्डवर ओरखडे पाडतात, फ्लॅट्स ते टाळतात आणि सरकताना खरखरही येत नाही. फ्रेट असलेल्या गिटारवरही फ्रेटची झीज कमी होते.

पर्याय दोन लक्षात ठेवा. बोटं दुखत असतील किंवा नेक नाजूक असेल तर थॉमास्टिकच्या जॅझ फ्लॅट्स (४३, ५६, ७०, १००) खूपच मऊ आहेत, पण चांगल्याच महाग आणि त्यांचा झुलता स्पर्श सगळ्यांना मानवत नाही. ला बेलाचा ७६०एफएस (४५, ६५, ८५, १०५) पहिल्या दिवसापासून जास्त गडद वाजतो. जुन्या सोलचाच आवाज हवा असेल तर तो बघा. त्यांचाच ५२-११० चा जाड संच मात्र हौशी वादकाने टाळावा. तो साध्या नेकची कसोटी पाहतो. आम्ही पहिल्या संचासाठी क्रोम्सच सुचवतो, कारण उजळ आवाज टोन नॉबने गडद करता येतो, गडद आवाज उजळ करता येत नाही.

घेताना लांबी तपासा. ३४ इंची स्केलच्या बेसला ‘लाँग स्केल’ लागतो. ३० इंचीला ‘शॉर्ट’. लांब संच आखूड गिटारला लावला तर तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळावा लागतो आणि तिथे पट्टी तुटते. तारा गिटारच्या पाठीमागून घालायच्या असतील तर तार पाठीमागे जिथे अडकते तिथपासून नटपर्यंतचं अंतर टेपने मोजून दुकानदाराला सांगा, कदाचित ‘सुपर लाँग’ घ्यावा लागेल. पाच तारांच्या बेसला बी तार १३२ असलेला वेगळा संच मिळतो. आतली पिशवी सीलबंद आहे ना, ते दुकानातच बघून घ्या, आणि काढलेल्या जुन्या तारा गुंडाळून केसमध्ये ठेवा. एखादी तार बसवताना बिघडली तर नवी येईपर्यंत गिटार बंद पडत नाही.