दाताच्या स्टेम सेलवर प्रकाश : ६६० चा एलईडी घ्यावा की ८१० चा लेसर?

बेळगावात एमडीएस (दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण) करताय आणि सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, ‘दंतमज्जेतल्या (दाताच्या आतल्या गरातल्या) स्टेम सेलवर, म्हणजे इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींवर, प्रकाशाचा परिणाम’ असा विषय टाकायचा विचार आहे, तर पहिला निर्णय दिव्याचाच. माझं मत आधीच सांगून टाकते. काम प्रयोगशाळेतल्या डिशमधल्या पेशींपुरतं असेल तर ६६० नॅनोमीटरचा लाल एलईडी घ्या. पुढे पेशंटच्या दातापर्यंत जायचं असेल तर ८१० चा डायोड लेसर. क्लिनिकमध्ये ९८० चा लेसर आयता पडून असला तरी मोहात पडू नका. ९८० ची किरणं पाणी बऱ्यापैकी शोषून घेतं, आणि पेशी तर पातळ माध्यमातच बुडलेल्या. परिणाम प्रकाशाचा की उष्णतेचा, हे व्हायव्हात सांगताना घाम फुटेल.

लाल काय आणि ८१० काय, दोन्हींचं मुख्य लक्ष्य मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातलं) सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइमच मानलं जातं. त्याला प्रकाश मिळाला की एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढतं आणि पेशी विभाजनाकडे किंवा डेंटिन (इनॅमलखालचा दाताचा कठीण थर) घडवण्याकडे झुकते. फरक पोहोचण्यात आहे. लाल प्रकाश ऊतीत फार खोल जात नाही, ८१० त्याहून आत जातो. डिशमधल्या पेशींच्या एका थराला खोलीचं काय पडलंय? जिवंत दाताला मात्र पडलंय. ८१० च्या बाजूने भक्कम आधार २०१४ चा आहे. हार्वर्डमधल्या प्रवीण अरनी आणि डेव्हिड मूनी यांच्या गटाने उंदरांच्या दाढांवर तो वापरला, तेव्हा टीजीएफ-बीटा १ हे पेशींना वाढीचा इशारा देणारं सुप्त प्रथिन जागं होऊन डेंटिन तयार झालं. डेंटिन बरं का, नवा दात नव्हे!

वापरायला लाल सोपा. ठिपका कुठे पडतोय ते डोळ्यांना दिसतं. ८१० दिसत नाही, म्हणून धोका जास्त, आणि ६६० साठी घेतलेला गॉगल तिथे उपयोगाचा नाही. एलईडी स्वस्त असतो, मोठ्या भागावर एकसारखा पडतो. लेसरचा बारीक ठिपका विहिरीच्या (प्लेटमधल्या पेशी वाढवायच्या खळग्याच्या) मध्यावर पडून कडेच्या पेशी प्रकाशावाचूनच राहतात.

पण दिव्यापेक्षा जास्त थिसिस डोसमध्ये अडकतात. १०० मिलिवॅट २० सेकंद दिले की २ ज्यूल होतात. १ चौरस सेंटीमीटरवर ते २ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. तोच प्रकाश २४ विहिरींच्या प्लेटमधल्या एका विहिरीवर, म्हणजे सुमारे १.९ चौरस सेंटीमीटरवर पसरला, तर जेमतेम १. शिवाय डोस वाढवत गेलात की एका टप्प्यानंतर पेशी वाढायच्या थांबतात, म्हणून निदान तीन डोस ठेवा. पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबू नका, पॉवर मीटर उसना आणा आणि प्लेटच्या पातळीवर मोजा. शेजारच्या विहिरी रिकाम्या सोडा, नाहीतर प्रकाश सांडतो. कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी प्रकाश न दिलेली, प्लेटही तेवढाच वेळ इनक्युबेटरबाहेर, अंधारात काढा.

एमटीटी या रंग बदलणाऱ्या चाचणीचा रंग गडद आला म्हणून नाचू नका. ती चाचणी पेशींच्या चयापचयाचा, त्यातही मायटोकॉन्ड्रियाच्या कामाचा अंदाज देते, आणि प्रकाश नेमका तिथेच हात घालतो. पेशी खरंच वाढल्या का, हे ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) लावून मोजूनच कळेल. डेंटिनकडे वळल्या का, यासाठी तीन आठवड्यांनी अलिझरीन रेड, म्हणजे साठलेलं कॅल्शियम लाल दाखवणारा रंग. तेवढे दिवस इनक्युबेटर चालू राहायला हवा. इकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएसची चौकशी आधी करा.

पेशी कुठून घ्यायच्या? अक्कलदाढेतल्या पेशींवर २००० पासून काम चालू आहे, दुधाच्या दातातल्या २००३ पासून. दुधाच्या दातातल्या भराभर वाढतात, पण गर इवलासा, आणि मूळ झिजून दात हलायला लागला की तोही फारसा उरत नाही. दिवसांचं गणित जमवायचं असेल तर क्लिपआधी काढलेली उपदाढ किंवा अक्कलदाढ बरी. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत छापून ठेवा. खानापूरकडचे पालक मराठीत वाचतील, बैलहोंगलचे कन्नडमध्ये. संस्थेची स्टेम सेल समिती लागते, साधी एथिक्स कमिटी पुरत नाही.

पालक एक प्रश्न हमखास विचारतील : मुलाचा दात पैसे भरून स्टेम सेल बँकेत ठेवावा का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी बँक चालवायची परवानगी फक्त नाळेच्या रक्ताला आहे, दाताला नाही. त्यांना सरळ ‘नको’ म्हणा.